मोल, घूस आणि चिचुंद्री

गोष्टींच्या इंग्रजी पुस्तकांत हमखास भेटणारा एक प्राणी आहे. काळंभोर मखमली अंग, नाकावर चष्मा, हातात फावडं. नाव मोल. याला मराठीत काय म्हणायचं, असं आमच्या घरातल्या लहान मंडळींनी विचारलं तेव्हा आम्ही शब्दकोश काढला. तिथे 'चिचुंद्री' असं लिहिलेलं. हिंदी कोशात पाहिलं तर 'छछूंदर'. लहान मंडळी हसू लागली. चिचुंद्री त्यांना चांगली माहीत आहे. ती रोज रात्री मोरीतून चिकचिक करीत येते, भिंतीच्या कडेकडेने स्वयंपाकघरापर्यंत जाते आणि मागे आपला वास ठेवून जाते. तिने कधी फावडं उचललेलं नाही की अंगणात मातीचा ढीग घातलेला नाही.

मग मातीचे ढीग कोण घालतं? तेही घरात सर्वांना माहीत होतं. घूस.

अशा रीतीने एका इंग्रजी शब्दावरून आमच्याकडे तीन प्राण्यांची चर्चा सुरू झाली. ती नुसती शब्दांची राहिली नाही, कारण त्याच पावसाळ्यात मागच्या भिंतीजवळच्या दोन फरश्या खचल्या आणि औषध घालायचं की नाही हा प्रश्न उभा राहिला. औषध म्हणजे विष. उंदराच्या विषाला आपण औषधच म्हणतो, हीसुद्धा एक गंमतच आहे. पण विष घालायचं तर ते कोणासाठी, हे आधी ठरायला हवं होतं. म्हणून आम्ही मिळेल ते वाचलं, आणि रात्री कंदिलाऐवजी मोबाईलचा दिवा घेऊन मोरीपाशी बसलोही. त्यातून जे हाती लागलं ते या अंकासाठी लिहीत आहोत.

आधी मोलचं सांगतो, कारण तो इथे नाहीच.

खरा मोल भारतात आहे, पण ग्वाल्हेरपासून फार दूर. पूर्व हिमालयात, दार्जिलिंग-सिक्कीमच्या बाजूला आणि ईशान्येकडच्या डोंगरांत तो राहतो. नेपाळात इंग्रजांचा रेसिडेंट असलेल्या ब्रायन हॉजसनने १८४१ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. युरोपातला मोल त्याचाच भाऊबंद, आणि त्याच्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलं असल्यामुळे पुढची बहुतेक माहिती युरोपातल्या मोलची आहे.

त्याचं शरीर म्हणजे खोदण्यासाठी घडवलेलं अवजारच. लांबी वीतभरही नाही, ११ ते १६ सेंटिमीटर. वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. पुढचे पंजे फावड्यासारखे रुंद आणि तळवे बाहेरच्या बाजूला वळलेले. पोहणारा माणूस पाणी बाजूला सारतो तशी तो माती सारतो. पंजाला पाच बोटं असतातच, शिवाय अंगठ्याच्या बाजूला मनगटातलं एक हाड वाढून सहाव्या बोटासारखं झालेलं असतं. त्याने फावड्याची रुंदी वाढते. कानाला पाळी नाही. डोळे बारीक मण्यांएवढे, उजेड-अंधार कळण्यापुरते. अंगावरची लव पुढून मागे किंवा मागून पुढे, कशीही चपटी बसते. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवला की केस उभे राहतात, तसं मोलचं होत नाही. बोगद्यात वळायला जागा नसली की तो आलेल्या वाटेने तसाच मागे सरकतो, आणि केसांत माती अडकत नाही.

बंद बोगद्यात आपणच सोडलेला श्वास पुन्हा घ्यावा लागतो. त्याचीही सोय त्याच्या कुळात आहे. अमेरिकेतल्या एका जातीच्या मोलच्या रक्तातलं हिमोग्लोबिन थोडं वेगळं असून ते कार्बन डायऑक्साइड अधिक वाहून नेतं, असं २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवलं आहे.

मोलला आपल्यासारखा दिवस आणि रात्र नाही. साधारण चार तास काम, चार तास झोप, अशा दिवसाला तीन पाळ्या. जे. सी. मिलच्या भोंग्यावर ज्या घरांचं घड्याळ चाललं, त्या पिढीला तीन पाळ्या म्हणजे काय हे समजावायला नको. फरक एवढाच की मोल एकटाच तिन्ही पाळ्या करतो. आपल्या बोगद्यांतून तो फेऱ्या मारतो आणि छतातून खाली पडलेली गांडुळं, अळ्या उचलतो. बोगदा म्हणजे त्याचं नुसतं घर नव्हे, ते त्याचं जाळं आहे, कोळ्यासारखं. रोज आपल्या वजनाच्या निम्म्याएवढं खाणं त्याला लागतं. दिवसभर काही मिळालं नाही तर जिवावर बेततं. म्हणून सुगीच्या दिवसांत तो साठा करतो. गांडुळाच्या डोक्याशी चावा घेतला की ते जिवंत राहतं, पण सरपटत नाही. अशी शेकडो गांडुळं एका कोठीत सापडलेली आहेत. खाण्याआधी गांडूळ दोन पंजांच्या चिमटीतून ओढून त्याच्या पोटातली माती बाहेर काढतो. एवढी स्वच्छता आमच्याकडे पालेभाजी निवडतानासुद्धा पाळली जात नाही, असं आमच्या वहिनींचं मत पडलं.

तो राहतो एकटा. एकाच्या बोगद्यात दुसरा आला तर मारामारी. वसंत ऋतूत तेवढे नर माद्यांचा शोध घेत लांबवर खोदत जातात. पिल्लं तीन-चार होतात, आणि पाचसहा आठवड्यांची झाली की आई त्यांना घराबाहेर काढते. नवी जागा शोधायला त्यांना जमिनीवरून चालावं लागतं. आयुष्यात एरवी क्वचितच उघड्यावर येणाऱ्या या जिवाला घुबड आणि कोल्हा गाठतात ते बहुधा तेव्हाच.

युरोपातल्या कुरणांवर मातीचे जे गोल ढीग दिसतात ते मोलचं घर नव्हे, घर खोदताना बाहेर टाकलेला केर. इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याचा घोडा अशाच एका ढिगाला अडखळला, राजा पडला आणि त्या दुखण्यातून १७०२ साली वारला, असं सांगतात. त्याचे विरोधक मग 'काळ्या मखमलीतल्या छोट्या साहेबांच्या' नावाने पेला उंचावीत. तलवारीने जे साधलं नाही ते एका केराच्या ढिगाने साधलं.

मुलांना आवडेल असा आणखी एक चुलता उत्तर अमेरिकेत आहे. त्याच्या नाकाभोवती मांसल बोटांसारखे २२ अवयव चांदणीसारखे पसरलेले असतात. त्यांच्या स्पर्शाने तो पाव सेकंदाच्या आत भक्ष्य ओळखून गिळूनही टाकतो. पाण्याखाली नाकातून बुडबुडे सोडायचे आणि तेच परत आत ओढून वास घ्यायचा, ही त्याची युक्ती २००६ साली उघडकीस आली.

आता हा प्राणी ग्वाल्हेरात का नसावा, याचं उत्तर मे महिन्यात आपल्या अंगणात कुदळ मारून पाहिली की मिळतं. कुदळ परत येते. पारा पंचेचाळिसाच्या वर, माती दगड झालेली, आणि गांडुळं खोल गेलेली किंवा दिसेनाशी झालेली. वर्षभर ओलसर, भुसभुशीत जमीन आणि रोजची गांडुळांची पंगत ज्याला लागते त्याने इथे यावं कशाला?

पण त्याची चुलतबहीण इथे आहे, आणि ती चिचुंद्री. शब्दकोश चुकतो तो असा, अगदीच निराधार नाही. दिसायला उंदरासारखी असली तरी चिचुंद्रीचं उंदराशी नातं नाही. तिचं गोत्र मोलचं, साळूसारखे काटे असलेल्या छोट्या हेजहॉगचं. म्हणजे किडे खाणाऱ्यांचं. खात्री करायची तर दात पाहावेत. उंदीर, घूस, खार यांना पुढे पटाशीसारखे दोन वर, दोन खाली असे दात असतात. ते जन्मभर वाढतात म्हणून कुरतडून झिजवावे लागतात. चिचुंद्रीच्या जबड्यात बारीक, टोकदार पांढऱ्या दातांची सलग रांग असते. ती लाकूड कुरतडत नाही, वायर कुरतडत नाही, गव्हाचं पोतं फोडत नाही. तिला झुरळ हवं, रातकिडा हवा, मोरीतली अळी हवी. उष्टं-खरकटं, तेलकट काही मिळालं तर तेही चालतं. जिवंत चिचुंद्रीचे दात कोण पाहणार? तेव्हा नाक पाहावं. खालच्या जबड्याच्या पुढे आलेलं, लांब, सतत हलणारं नाक, बारीक डोळे, आणि बुडाशी जाड होत गेलेली शेपटी.

तिची दृष्टी अधू म्हणून ती भिंत सोडत नाही. किपलिंगने 'जंगल बुक'मध्ये (१८९४) मुंगसाच्या गोष्टीत एक 'चुचुंद्रा' घातला आहे. तो रात्रभर रडत भिंतीच्या कडेने फिरतो आणि खोलीच्या मध्यावर येण्याचं धाडस त्याला कधी होत नाही. किपलिंगने त्याला कस्तुरीउंदीर म्हटलं, पण वागणं हुबेहूब आपल्या चिचुंद्रीचं लिहिलं. पाहिल्याशिवाय असं लिहिता येत नाही.

वास तिच्या कुशीतल्या ग्रंथींतून येतो. संस्कृतात तिला गंधमूषी म्हणतात, आणि मनुस्मृतीत सुगंधी द्रव्यं चोरणारा पुढच्या जन्मी चिचुंद्री होतो असं सांगितलं आहे. न्याय कडक आहे, पण कवीच्या नजरेने केलेला आहे. या वासामुळे मांजर तिला मारतं पण सहसा खात नाही. सापाने छछूंदर धरली की गिळताही येत नाही आणि टाकताही येत नाही, ही हिंदीतली म्हण तर आपण ग्वाल्हेरकर मराठीत बोलतानाही वापरतो. इंग्रजांच्या काळात एक समज होता की चिचुंद्री बंद बाटलीवरून नुसती गेली तरी आतल्या दारूला तिचा वास लागतो. जर्डन नावाच्या लष्करी डॉक्टरने भारतातल्या सस्तन प्राण्यांवरच्या आपल्या ग्रंथात (१८६७) तो खोडून काढला. समज मात्र पुष्कळ वर्षं टिकला असणार. आमच्या आजी पाण्याच्या माठावरून ती गेली की माठ रिकामा करीत.

याच आजी चिचुंद्रीला मारू देत नसत. ती लक्ष्मीची असते, असं म्हणत. गंमत अशी की चीनमध्येही तिला 'पैशांचा उंदीर' म्हणतात, कारण तिच्या आवाजात तिथल्या लोकांना नाण्यांची खुळखुळ ऐकू येते. दोन देशांतल्या आज्यांचं यावर एकमत कसं झालं कोण जाणे.

तिचा एक देखावा आम्हाला पाहायला मिळाला. पिल्लांची जागा बदलायची असली की आई पुढे चालते, पहिलं पिल्लू तिच्या शेपटीच्या बुडाशी तोंडाने धरतं, दुसरं पहिल्याला, तिसरं दुसऱ्याला. रात्री अकराच्या सुमारास अशी चार डब्यांची गाडी आमच्या न्हाणीघराच्या उंबऱ्यावरून वळण घेऊन गेली. आपली श्योपूरची छोटी रेल्वे २०२० साली थांबली. ही गाडी अजून धावते आहे, आणि वेळेवर.

चिचुंद्रीचा मनुष्याला आणखी एक उपयोग झाला आहे. उंदराला उलटी करता येत नाही. चिचुंद्रीला येते. म्हणून प्रवासात लागणारी गाडी, कर्करोगाच्या औषधांनी होणाऱ्या उलट्या, यांचा अभ्यास जपानी शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकापासून तिच्यावर केला. तिला त्यात काय मिळालं ते विचारू नये.

ती काही सोवळ्यातली नाही, हेही सांगायला हवं. तिच्या अंगावर पिसवा असू शकतात, ती मोरीतून येते, आणि घाबरली तर चावते. तिला हात लावू नये, तिने तोंड घातलेलं अन्न टाकावं. पण तिने आमच्या फरश्या खचवल्या नव्हत्या. ती फारसं खोदत नाही. दुसऱ्याचं रिकामं बीळ, भिंतीतली फट, अडगळीचा कोपरा तिला पुरतो. चिंध्या आणि कागदाचे कपटे नेले की संसार मांडला.

फरश्या खचवल्या त्या घुशीने. मोलचं नाव जर इथे कोणाला द्यायचंच तर ते हिला द्यावं, आणि इंग्रजांनी खरोखर दिलंही होतं. त्यांच्या जुन्या पुस्तकांत आपल्या छोट्या घुशीला 'इंडियन मोल-रॅट' म्हटलेलं आहे. ती उंदराच्या कुळातली आणि मोलच्या धंद्यातली. इंग्रजीतलं तिचं दुसरं नाव 'बँडिकूट' हे तेलुगूतल्या 'पंदिकोक्कु'वरून आलं, अर्थ डुक्कर-उंदीर. डिवचली की केस फुलवून ती डुकरासारखी घुरघुरते, तेव्हा नाव कसं पडलं ते लगेच कळतं. हिंदी बोलणाऱ्या शेजाऱ्यांपुढे 'आमच्या भिंतीत घूस शिरली आहे' असं म्हटलं की ते सरकारी कचेरीची गोष्ट समजून मान हलवतात. तिथेही ती पायाच पोखरते, हा भाग वेगळा.

घुशीचं बीळ हे एक पूर्ण घर असतं. पाल्याचं अंथरूण असलेली खोली निराळी, धान्याची कोठी निराळी, आणि पळून जायच्या वाटा निराळ्या. त्यांच्या तोंडाशी मातीचा पातळ पडदा ठेवलेला, धक्का दिला की फुटणारा. आत गेली की ती दार मातीने लिंपून घेते. ताजी, ओलसर, भुगा झालेली माती दिसली की समजावं, मालकीण घरी आहे. एका बिळात बहुधा एकच मोठी घूस राहते. शेतात तिची कोठी किलोंनी भरलेली सापडते. बिहारमधले मुसहर आणि तमिळनाडूतले इरुला लोक सुगीनंतर अशी बिळं खणून धान्य काढीत आले आहेत. आणि पिल्लं! तीन आठवड्यांच्या गर्भारपणानंतर सहा-आठ पिल्लं, आणि ती दोन-तीन महिन्यांत पुन्हा संसाराला तयार.

आता आपला मोहल्ला पाहा. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास इथे तळ दिला, तो तळ उठलाच नाही आणि गावाचं नावच लष्कर पडलं. गोरखीचा वाडा तेव्हाचा. आजूबाजूच्या गल्ल्यांतली जुनी घरंही त्याच चालीची: बाहेरून दगड, आत विटा, माती आणि भराव. अशी भिंत घुशीला आयतं माहेर. चार पावलांवर दाल बाजार आणि घरोघरच्या मोऱ्या एकाच उघड्या नालीला जोडलेल्या. खाणं, पाणी, मऊ भराव, तिन्ही गोष्टी हाकेच्या अंतरावर. दोनशे वर्षं आपण इथे राहतो आहोत हे खरं, पण भिंतीच्या आत कोण किती पिढ्या राहतं आहे याची वंशावळ कोणी लिहिलेली नाही.

याच शोधात एक गोष्ट सापडली, ती संस्कृतच्या विद्यार्थ्यांसाठी मुद्दाम सांगतो. गणपतीला आखुरथ, आखुवाहन म्हणतात. मांजराचं एक नाव आखुभुक्, म्हणजे आखू खाणारा. आखू म्हणजे उंदीर असं आपण शिकलो. पण मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी कोशात या शब्दाचा पहिला अर्थ 'मोल' असा दिला आहे; उंदीर त्यानंतर. शब्द ऋग्वेदात येतो, आणि त्याची परंपरागत फोड खणणे या धातूवरून करतात. मूषक हा चोरणारा, कारण मुष् म्हणजे चोरणे. आखू हा खणणारा. आता गंगा-यमुनेच्या मैदानात मोल कुठून येणार? मातीचे ढीग घालत जमिनीखालून जाणारा इथला प्राणी एकच. तेव्हा आमचा आपला तर्क असा की गणरायांच्या पायाशी लाडू धरून बसलेली ती स्वारी घूस असावी. आकारमानाच्या दृष्टीनेही ते जास्त शोभतं. आमच्या आबांना हा तर्क मुळीच पसंत पडला नाही. "उद्या मूर्तिकाराला घूस करायला सांगाल," असं ते म्हणाले.

तर्क करणं सोपं होतं. पंधरा दिवसांवर गणपती, आणि मागची भिंत एका कोपऱ्यात बोटभर सुटलेली. मिस्त्री म्हणाला, आधी आतलं जनावर काढा, मग हात लावीन. घरात तीन मतं पडली. एक म्हणे विषाच्या वड्या आणा, दोन रुपयांचं काम. दुसरं म्हणे गोंदाची पाटी लावा. तिसरं म्हणे गणपतीच्या तोंडावर जीव घेऊ नका.

गोंदाची पाटी पहिल्यांदा बाद झाली. चिकटलेला प्राणी तासन् तास ओरडत मरतो. भारतीय पशु कल्याण मंडळानेही तिच्याविरुद्ध सूचना काढलेल्या आहेत. शिवाय भिंतीच्या कडेला ठेवलेल्या पाटीवर पहिली कोण येणार, तर भिंत न सोडणारी चिचुंद्री.

वड्यांविषयी आम्ही अधिक वाचलं. बाजारातल्या पुष्कळ वड्यांत रक्त गोठू न देणारं विष असतं. प्राणी लगेच मरत नाही, चार-पाच दिवस मंद होत जातो, उघड्यावर येतो, आणि त्याला खाणाऱ्याच्या पोटात ते विष जातं. उंदीर-घुशी सर्वांत जास्त मारणारा आपला मित्र म्हणजे गव्हाणी घुबड, ते पांढऱ्या तोंडाचं, जुन्या इमारतींच्या वळचणीला राहणारं. त्याच्या ओकलेल्या गोळ्यांत उंदरांच्या आणि चिचुंद्र्यांच्या कवट्या मिळतात. विषारी घूस म्हणजे त्याला मेजवानीत वाढलेला मृत्यू. वडी झुरळांनी खाल्ली आणि झुरळं चिचुंद्रीने खाल्ली, तर विष तिच्यापर्यंतही पोचू शकतं. इंग्लंडात मोल मारायला गांडुळांना स्ट्रिक्नीन लावीत. ते आपल्या कुचल्याच्या बियांतलं विष. त्यात नको ते जीवही मरू शकत, आणि २००६ साली तिथे तो प्रकार बंद झाला. आमच्या घरात तर रांगणारं मूल आहे आणि गल्लीत कुत्री आहेत. आबा म्हणाले, "वडी नको." विषय संपला.

मग आम्ही शेतकऱ्यांची जुनी रीत केली. संध्याकाळी अंगणातली आणि भिंतीतली सगळी भोकं ओल्या मातीने बुजवली. सात निघाली. सकाळी पाहिलं तर दोनच उघडलेली, बाहेर ताजी माती. बाकीची पाच जुनी, सोडलेली. म्हणजे इतके दिवस ज्या फौजेची आम्ही कल्पना करीत होतो ती फौज नव्हतीच. एक, फार तर दोन घुशी होत्या. आठव्या एका फटीला आम्ही हात लावला नव्हता. तिच्या बाहेर मातीचा कण नव्हता, वास मात्र ओळखीचा होता.

पिंजरा दोन्ही भोकांच्या वाटेवर ठेवला. पहिले तीन दिवस तो नुसता उघडा ठेवून आत कांद्याचं भजं. नवी वस्तू दिसली की उंदराची जात आधी थोडं चाखते आणि वाट पाहते. उलटी करता येत नसल्यामुळे ही सावधगिरी तिच्या रक्तात आहे. चौथ्या रात्री दार लावलं. पहाटे आत घूस होती, मांजराच्या मोठ्या पिल्लाएवढी, केस फुलवून घुरघुरत.

आता हिचं काय करायचं, याचा विचार कोणीच केलेला नव्हता. पिंजरा पाण्यात बुडवायचा, असं एका वडीलधाऱ्यांनी सुचवलं. पूर्वी तसंच करीत. लहान मंडळींनी त्या दिवशी सकाळी दूध घेतलं नाही. दुसरी रीत सर्वांना ठाऊक आहे: स्कूटरवर पिंजरा ठेवायचा आणि दुसऱ्या मोहल्ल्यात नेऊन सोडायचा. त्या हिशेबाने ग्वाल्हेरातल्या निम्म्या घुशी स्कूटरवर फिरलेल्या असणार. अनोळखी जागी सोडलेलं जनावर फारसं टिकत नाही, टिकलं तर दुसऱ्या कोणाच्या भिंतीत शिरतं. शेवटी स्वर्णरेखेच्या पलीकडे, घरं नाहीत अशा जागी ती सोडली. बरोबर केलं का, यावर आमच्यात अजून दोन तट आहेत, आणि दोन्ही तटांची बाजू आम्हाला पटते.

मिस्त्रीने बिळात फुटक्या विटा आणि काचेचा चुरा ठासून वर सिमेंट ओतलं. एकट्या त्या कोपऱ्याने नऊ घमेली माल खाल्ला. नाल्याच्या तोंडाला लोखंडी जाळी बसली. तिची भोकं किती मोठी ठेवायची यावर पुन्हा अर्धा तास गेला, कारण घूस अडली पाहिजे आणि पाणी वाहिलं पाहिजे, एवढंच मिस्त्रीला ठाऊक होतं. चिचुंद्री जाऊ शकली पाहिजे ही अट त्याने आयुष्यात प्रथमच ऐकली. खरकट्याची बादली आता रात्री झाकणाची असते. डाळी पत्र्याच्या डब्यांत गेल्या. आठवी फट तशीच ठेवली आहे, आणि मोरीतली झुरळं या वर्षी कमी आहेत असं वहिनी म्हणतात. ते तिच्यामुळे की झाकणामुळे, हे सांगता येणार नाही.

गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात सामाईक भिंतीच्या पलीकडे, शेजाऱ्यांच्या अंगणात तुळशीवृंदावनाच्या बुडाशी ओलसर मातीचा ढीग दिसला. दुसरी तिथे गेली असावी. त्या काकूंना आम्ही पिंजरा नेऊन दिला आहे, आणि भजी कांद्याचीच करा, असंही सांगितलं आहे.